मूकपटाचे कारागीर

दादासाहेब फाळके यांचा 'कालिया मर्दन' हा १९१९ सालचा मूकपट कथेने सुरू होत नाही; तो सुरू होतो एका मुलीच्या चेहऱ्याने. चित्रकर्त्याची स्वतःची कन्या मंदाकिनी, जेमतेम सहा-सात वर्षांची, प्रेक्षकांसमोर येते, एकामागून एक निरनिराळे भाव मुद्रेवर उमटवून दाखवते, आणि मग तिचा तो घरगुती चेहरा हळूहळू विरत जाऊन त्याच जागी कृष्णवेषातील तीच मुलगी प्रकट होते. आपण ज्याला देव म्हणून पाहणार आहोत ती फाळक्यांच्या घरातली पोर आहे, तिने ही विद्या अभ्यासाने साध्य केली आहे, आणि तिचे हे रूपांतर यंत्राच्या युक्तीने घडले आहे, हे सारे आधीच उघड करून टाकल्यावरही, पुढे तो बाळकृष्ण यमुनेच्या डोहात शिरतो तेव्हा काठावरच्या गोकुळवासीयांबरोबर पाहणाराचाही जीव टांगणीला लागतो. पाण्याखालची झुंज आणि काठावरचा आकांत यांची दृश्ये फाळके आलटून पालटून दाखवतात, आणि शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी त्या मांडणीची पकड तसूभरही ढिली झालेली नाही.

कृष्णधवल मूकपटांची ही मोहिनी कशात आहे, असा प्रश्न निघाला म्हणजे बहुधा स्मरणरंजनाचे उत्तर पुढे केले जाते. जुने ते सोने म्हणून विषय संपविला जातो. परंतु आज ज्यांना मूकपट आवडतात त्यांच्या बाळपणाशी त्या चित्रांचा काडीइतकाही संबंध नाही, त्यांच्या आजोबांनीसुद्धा बोलपटच पाहिलेले असतात. तेव्हा जे कधी अनुभवलेच नाही त्याची हुरहूर तरी कशी लागावी? मला वाटते, या मोहिनीचे मूळ मूकपट ज्या हातांनी घडविला त्या हातांत शोधले पाहिजे. शब्दाचा आधार नसल्यामुळे जे जे सांगावयाचे ते ते डोळ्यांना दिसेल असे घडवावे लागे, आणि ते घडविणारी माणसे लेखक वा गवई नसून छायाचित्रकार, मुद्रक, मूर्तिकार, पडदे रंगविणारे चित्रकार आणि यंत्रे जुळविणारे मेस्त्री अशी होती. महाराष्ट्राच्या मूकपटांचा इतिहास हा मुख्यतः अशा कारागिरांचा इतिहास आहे, आणि नाशिक व कोल्हापूर ही त्याची दोन पीठे होत.

आरंभीच्या घटना सर्वश्रुत असल्याने त्यांचा नुसता निर्देश पुरे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ एक रुपया दराने झाला. त्याने प्रभावित झालेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी परदेशातून कॅमेरा मागवून मुंबईतील हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली, आणि रँग्लर परांजपे विलायतेहून परतले त्या प्रसंगाचेही चित्रण केले. १८ मे १९१२ रोजी रामचंद्र गोपाळ तोरणे यांचे 'श्री पुंडलिक' गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात झळकले. मात्र तोरणे यांनी रंगभूमीवरचे नाटकच चित्रित केले होते आणि कॅमेऱ्यामागे इंग्रज माणूस होता. पहिलेपणाचा तंटा अभ्यासकांनी खुशाल चालू ठेवावा. कच्च्या फितीपासून पडद्यापर्यंतची प्रत्येक क्रिया आपल्या घरात, आपल्या माणसांच्या हातून करून घेण्याचा हव्यास ज्याला जडला असा पहिला पुरुष म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, याविषयी मतभेदाला जागा नाही.

त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्याच्या घरात १८७० साली जन्मलेल्या या माणसाने चाळिशीपर्यंत जे जे उद्योग केले त्यांची यादी पाहिली तर ती चित्रपटाच्या पूर्वतयारीखातर मुद्दाम आखली असावी असा भास होतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, छायाचित्रणाचा धंदा, पुराणवस्तु खात्यातली नोकरी, लोणावळ्याला चित्रांचे ठसे तयार करण्याचा व छपाईचा कारखाना, आणि मधल्या काळात स्वतःचे आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने केलेले जादूचे प्रयोग: यांतले एकही अंग पुढे वाया गेले नाही. मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहून त्यांना आपल्या देवादिकांची चित्रे पडद्यावर आणण्याचा ध्यास लागला, १९१२ च्या आरंभी त्यांनी लंडन गाठले, सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत काम पाहून घेतले, आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फितीला भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते परतले. भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोपाच्या वाढीचे एकेक छायाचित्र दिवसांमागून दिवस टिपून ते सारे अंकुरणे पडद्यावर क्षणांत उलगडून दाखविले. भारतीय मूकपटाच्या इतिहासात कथेआधी कारागिरीने तारण मिळविले आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. उरलेल्या रकमेसाठी विम्याची पॉलिसी आणि पत्नीचे दागिने गहाण पडले.

या खटाटोपातून उभ्या राहिलेल्या 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट. एका फुटात १६ चित्रे मावतात, म्हणजे सगळी मिळून ५९ हजारांच्या घरात जातात. हा चित्रपट सुरतेस नेला असता सत्तावन्न हजार छायाचित्रे अवघ्या तीन आण्यांत पाहा अशी जी जाहिरात फाळक्यांनी केली होती, तिच्यातील हा आकडा त्यामुळे अगदी हिशेबी होता, जरी त्याच जाहिरातीतली दोन मैलांची लांबी अतिशयोक्तीची होती. आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहावी. फितीवरील प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोके असतात. ती नसली तर कॅमेऱ्याचे दाते फितीला ओढू शकत नाहीत. कच्ची फीत त्या वेळी भोकांविना येत असे, आणि ती भोके अंधारात, हातयंत्रावर, स्पर्शाच्या अंदाजाने पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. ५९ हजार चित्रांना आठ भोकांनी गुणले असता संख्या पावणेपाच लाखांच्या आसपास जाते. एक भोक तिरपे गेले तर पडद्यावर चित्र थरथरणार, फीत अडकली तर दिवसभराचे चित्रण फुकट जाणार. अशा कामाला ही गृहिणी बसत असे ती दिवसभर कंपनीतल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक आटोपल्यानंतर. शिवाय फिती धुण्याची रसायने सिद्ध करणे, आणि भर उन्हात पांढरी चादर ताणून धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड परतविणे हीही कामे त्यांच्याकडेच असत. पडद्यावर तारामती झाले ते अण्णा साळुंके, कारण त्या काळी प्रतिष्ठित वा अप्रतिष्ठित कोणतीच स्त्री या कामास उभी राहिली नाही, आणि एका उपाहारगृहातल्या या आचाऱ्यालाच लुगडे नेसवावे लागले. परंतु पडद्यामागची तारामती शोधावयाची तर ती दादरच्या त्या घरात फितीला भोके पाडीत बसलेली सापडते.

चित्रणाची रीतही हाताचीच होती. कॅमेऱ्याची मूठ सेकंदाला दोन वेळा फिरवावयाची, एका फेऱ्यात आठ चित्रे. ही लय छायाचित्रकाराने मनाशी मोजून सांभाळावयाची. फाळक्यांनी आपले स्नेही त्र्यंबक तेलंग यांना हे काम शिकवून तयार केले. अंतर्धानाचा चमत्कार हवा असेल तर मूठ थांबवून सर्वांना जागच्या जागी खिळवून ठेवावयाचे, एकाला बाहेर काढावयाचे आणि पुन्हा मूठ फिरवावयाची. एका रूपातून दुसरे रूप उमलवावयाचे तर फीत मोजून मागे न्यावयाची आणि त्याच चौकटींवर दुसऱ्यांदा चित्र घ्यावयाचे. एक फेरा चुकला तरी देव अर्धवट प्रकट व्हावयाचा. शिवाय या धंद्याला लौकिक नसल्यामुळे आपण 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात' कामाला आहो असे नटांनी बाहेर सांगावे अशी व्यवस्था होती, आणि मला तर वाटते की तो शब्द वस्तुस्थितीला धरूनच होता. बाहेरगावी चित्रणासाठी गेलेल्या या वेषधारी, शस्त्रधारी मंडळींना दरोडेखोर समजून फौजदाराने अडकवून ठेवल्याची हकीगतही सांगितली जाते. २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांसमोर आणि ३ मे रोजी कॉरोनेशनमध्ये जनतेसमोर 'राजा हरिश्चंद्र' आला तो २३ दिवस चालला.

त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी कामे केली, आणि स्त्रियांचा प्रवेश झाला. तरीही १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या. फाळक्यांचा कारखाना एव्हाना नाशिकला गेला होता. पुढे भागीदार आले, हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, खटके उडाले, दादासाहेब रुसून काशीस गेले, परत आले. तो सगळा व्यवहाराचा इतिहास येथे उगाळण्याचे कारण नाही.

कृष्णधवल या गुणाविषयी मात्र थोडे थांबून लिहिणे भाग आहे, कारण त्याविषयी आपल्या मनात एक गैरसमज घर करून असतो. रंग उपलब्ध नव्हते म्हणून त्या लोकांनी काळ्यापांढऱ्यावर भागविले, असे आपण धरून चालतो. वस्तुतः त्या काळची फीत सृष्टीचे रंग नुसते वगळीत नसे, तर ती त्यांची उलथापालथ करीत असे. तांबडा रंग तिला दिसतच नसे, आणि निळ्याने ती फार लवकर उजळे. परिणामी कपाळावरचे कुंकू कोळशासारखे काळे उमटे, लाल ओठ काळवंडत, निळे आकाश पांढरे फटक पडे आणि लाल लुगड्यावरची नाजूक नक्षी अंधारात बुडून जाई. म्हणून चित्रशाळेत वेष, भिंती आणि चेहऱ्याचे लेप हे डोळ्यांना काय शोभते ते पाहून निवडता येत नसत; फितीवर कोणता रंग कोणत्या छटेत उतरेल याचा अंदाज बांधून, म्हणजे सगळी सृष्टी एकदा मनातल्या मनात काळ्यापांढऱ्यात उतरवून, मग रंग लावावे लागत. छायाप्रकाशाची ही भाषा त्यांना अक्षरशः रंगांच्या कुंचल्याने लिहावी लागे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या उत्तरार्धात सर्व रंगांना जागणारी फीत प्रचारात येईपर्यंत ही कसरत चालू राहिली, आणि त्या कसरतीने जी नजर तयार झाली तिला तोड नाही.

अशी नजर उपजतच लाभलेला पुरुष कोल्हापुरास होता. बाबूराव कृष्णराव मेस्त्री आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यात इतके नामांकित झाले की 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. लाकूडकाम, धातुकाम, मूर्तिकाम, चित्रकाम यांपैकी काहीच परके नसलेल्या या भावांनी मूकपट पाहिल्यापासून स्वतःचा कॅमेरा घडविण्याचा चंग बांधला. १९१६ साली आनंदराव अकाली गेले, आणि बाबूरावांनी दामले यांच्यासारख्या यंत्रकुशल शिष्याच्या साहाय्याने तो कॅमेरा १९१८ साली पुरा केला. संस्थानच्या राजधानीत, विलायतेचे तोंडही न पाहता, परदेशी कॅमेऱ्याचे नुसते अवलोकन करून तसले यंत्र पाडणे ही गोष्ट केवढी, हे ज्याने कधी एखादे घड्याळ खोलून पुन्हा जुळविण्याचा प्रयत्न केला असेल त्यालाच कळेल. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती शाहू छत्रपतींच्या राजाश्रयाने आणि गायिका तानीबाई कागलकर यांनी दिलेल्या कर्जाने. या उद्योगाच्या मुळाशी एका गाणाऱ्या बाईची पुंजी आहे, याचा उल्लेख आपल्या इतिहासांतून व्हावा तितक्या ठळकपणे होत नाही.

१९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन सिनेमात 'सैरंध्री' लागला. भीमाने कीचकाचा वध केला तो प्रसंग इतका हुबेहूब वठला होता की प्रेक्षक भयाने ओरडले असे सांगतात, आणि अखेर तो भाग सरकारी हुकुमाने गाळावा लागला. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर सरकारने दहाच वर्षांपूर्वी बंदी घातलेली होती हे ध्यानात घेतले म्हणजे या हुकुमामागे केवळ रक्तपाताची शिसारी असेल असे मानणे कठीण जाते. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. पुढल्याच वर्षी मुंबईच्या कोहिनूर कंपनीचा 'भक्त विदुर' मद्रास इलाख्यात बंद पाडण्यात आला, कारण त्यातला विदुर गांधीजींच्या वेषात वावरत होता. ज्या चित्रात एक अक्षरही उच्चारले जात नाही त्याची सरकार दरबारी एवढी धास्ती वाटावी, यावरून नुसत्या चित्राचे सामर्थ्य त्या काळच्या राज्यकर्त्यांनी किती नेमके ओळखले होते हे दिसून येते.

बाबूरावांची खरी मोठी कामगिरी पुढे आहे. फाळक्यांच्या चित्रांत राजवाडा पुष्कळदा रंगविलेल्या पडद्यावर असे. बाबूरावांनी पडदे रंगविण्यातच आयुष्य घालविले असल्यामुळे त्या पडद्याची मर्यादा त्यांना सर्वांआधी उमगली, आणि त्यांनी ज्यांत माणसे खरोखर राहतील अशा भिंती, चौक, जिने उभे केले. प्रत्येक दृश्य ते आधी कागदावर रेखाटून घेत. १९२३ चा 'सिंहगड' हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून घेतलेला. त्यातला रात्रीचा हल्ला दिवसाउजेडी चित्रित करून कशीबशी रात्र भासविण्याऐवजी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा आश्रय केला. त्याआधीची रात्र फीत निळी रंगवून दाखविली जात असे. 'सिंहगडा'तली रात्र मात्र खरोखरीच अंधारातून कोरून काढलेली होती. हे चित्र पाहावयास जी गर्दी लोटली ती पाहूनच सरकारला करमणुकीवर कर बसविण्याची कल्पना सुचली असे म्हणतात, आणि मुंबई इलाख्यात हा कर त्याच वर्षी आला ही गोष्ट खरी. आपल्या चित्रांची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत, आणि प्रेक्षकांच्या हाती छायाचित्रांसह माहितीपुस्तिका देण्याचा प्रघातही त्यांनीच पाडला.

पण त्यांच्या साऱ्या कृतींत ज्याची चुटपुट मला सर्वांत अधिक लागून राहिली आहे तो १९२५ चा 'सावकारी पाश'. ना. ह. आपट्यांच्या कथेवरचे हे चित्र. जमीन सावकाराच्या घशात गेलेला तरुण शेतकरी शहराची वाट धरून गिरणीत मजूर होतो, एवढीच कथा, आणि त्या शेतकऱ्याचे काम पुढे शांताराम म्हणून विख्यात झालेल्या तरुणाने केले. देवदेवता आणि इतिहासपुरुष यांनी व्यापलेल्या पडद्यावर खतपत्र, जप्ती आणि कर्जबाजारी रयत येणे हीच त्या वेळी केवढी क्रांती होती. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी या चित्राची आठवण पुढे लिहून ठेवली आहे: अंधुक उजेडात टिपलेली एक उदास झोपडी आणि तिच्याजवळचे कुत्र्याचे रडणे. मूकपटात कुत्र्याचे रडणे ऐकू येणे शक्य नव्हते. वर केलेली मान, उघडा जबडा आणि भोवतीचा काळोख एवढेच पडद्यावर असणार. तो आवाज पाहणाराच्या कानांत बाबूरावांच्या प्रकाशयोजनेने उत्पन्न केला, आणि तो एवढा खरा होता की वर्षानुवर्षांनी ते दृश्य आठवताना आवाजही बरोबर आला.

चित्रगृहात शांतता मात्र नसे. पडद्याच्या पायथ्याशी पेटी आणि तबला वाजत असे. लढाईला द्रुत, शोकाला विलंबित अशी लय वाजविणारा चित्र पाहता पाहता ठरवी. मधूनमधून येणाऱ्या पाट्या मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा दोन-तीन भाषांत असत. ज्यांना वाचता येई ते मोठ्याने वाचीत आणि शेजारचा निरक्षर प्रेक्षक ते ऐकून पुढे पाही, तर काही ठिकाणी कथा समजावून सांगण्यासाठी माणूसच नेमलेला असे. यंत्राची मूठ फिरविणाराही आपल्या हातानुसार चित्राचा वेग कमीअधिक करी. अशा रीतीने त्याच चित्राचा पुण्यातला खेळ आणि एखाद्या जत्रेच्या तंबूतला खेळ यांत अंतर पडे, आणि चित्रशाळेत सुरू झालेले हाताचे काम चित्रगृहातही चालू राही.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलू लागला आणि हा सगळा डोलारा तीन-चार वर्षांत कोसळला. बोलपटामुळे मोठ्या कष्टाने जोपासलेली दृश्यसंस्कृती पुसली जाईल अशी धास्ती बाबूरावांना वाटत होती, आणि ते पुढे बोलपटांत फारसे रमले नाहीत. त्यांच्या तालमीत वाढलेले दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात कंपनी काढलेली होती. तिचा शिवकालीन मूकपट 'स्वराज्याचे तोरण' हे नाव सरकारला न रुचल्याने १९३० साली 'उदयकाल' या नावाने बाहेर पडला. १९३२ साली याच मंडळींनी 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला, तोही हरिश्चंद्राचाच. प्रभातचे बोलपट इतरांच्या बोलपटांहून वेगळे का दिसतात याचे कारण मला त्यांच्या या पूर्वाश्रमात सापडते. दामले आणि फत्तेलाल हे मुळात चित्रकार; त्यांचा 'संत तुकाराम' १९३६ चा, पण अभंग क्षणभर बाजूला ठेवले तरी त्यातली आवली, तिचे घर, तिची म्हैस ही सारी नुसत्या हालचालींतून बोलतात. शांतारामांनी १९३७ च्या 'कुंकू'त तर पार्श्वसंगीत मुळी वापरलेच नाही. वृद्ध वराची व्यथा सांगावयाला त्यांना भिंतीवरचे घड्याळ पुरेसे वाटले. हे धैर्य मूकपटाच्या शाळेत शिकलेल्या माणसालाच होऊ शकते.

या शाळेचे दफ्तर मात्र जवळजवळ सगळे नष्ट झाले. हिंदुस्थानात मूकपट निघाले ते तेराशेच्या घरात. आज उरले आहेत ते तिसांच्या आसपास, आणि त्यांतही पुष्कळसे तुकडेच. त्या काळची नायट्रेटची फीत अत्यंत ज्वालाग्राही. जपून ठेवली तरी कालांतराने तिची पूड होते, आणि जपण्याची बुद्धी तरी कोणाला होती? बोलपट आल्यावर बाजारात किंमत उरली ती चित्रांची नव्हे, फितीवरील चांदीची. ती काढून घेण्यासाठी किती फिती विकल्या व वितळविल्या गेल्या याची गणती नाही. 'सावकारी पाश' गेला, 'सैरंध्री' गेली, 'सिंहगड' गेला. बाबूरावांच्या मूकपटांतले 'मुरलीवाला'सारखे थोडे अवशेष तेवढे राहिले. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तोवर व्हायची ती हानी होऊन गेली होती. तेथील पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून व इतरत्र हिंडून जे गोळा केले त्यामुळेच 'कालिया मर्दन' आपल्याला आज पाहता येतो. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळे उपलब्ध आहेत, परंतु ती १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्राची, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेटच्या कोठीला आग लागून पुन्हा कितीतरी मूळ फिती खाक झाल्या.

या पार्श्वभूमीवर आजच्या चित्रकर्त्यांना मूकपटाची ओढ लागते, याचा अर्थ मी एका विशिष्ट शिस्तीची ओढ असा करतो. सिंगीतम श्रीनिवास राव यांचा १९८७ चा 'पुष्पक' रंगीत आहे, त्यात रस्त्याचे, दारांचे, भांड्यांचे आवाज आहेत, फक्त कोणी बोलत नाही. आणि चित्रगृहाला लागून असलेल्या खोलीत राहिल्यामुळे गोंगाटाशिवाय ज्याला झोप येत नाही असा नायक, श्रीमंती हॉटेलात आल्यावर तोच गोंगाट ध्वनिमुद्रित करून आणून उशाशी वाजवतो, तेव्हा त्याचे दारिद्र्य, त्याची सवय आणि त्याची तोतयेगिरी हे सगळे एका कृतीत सांगून होते. फ्रेंच दिग्दर्शक मिशेल हाझानाविसियस यांच्या २०११ च्या 'द आर्टिस्ट'ला सर्वोत्कृष्ट चित्राचे ऑस्कर मिळाले. त्याचे चित्रण रंगीत फितीवर करून मग रंग काढून टाकण्यात आले. बाबूरावांच्या रीतीपुढे हा सोपा मार्ग होता असे मला प्रामाणिकपणे वाटते, परंतु सेकंदाला २४ ऐवजी २२ चित्रे घेऊन हालचालींना जुन्या काळची किंचित चपळाई आणण्याचा त्यांचा विचार अस्सल होता. परेश मोकाशी यांच्या २००९ च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ने या प्रांतात सर्वांत मोलाची गोष्ट केली: फाळक्यांना पुतळ्याच्या चौथऱ्यावरून उतरवून त्यांचे घर, मुले, रसायने, भोके पाडण्याचे यंत्र आणि सरस्वतीबाईंचे श्रम यांत पुन्हा नेऊन बसविले, आणि तेही गंभीर चेहरा न करता, मोठ्या आनंदाने.

तथापि नवी चित्रे मूकपटासारखी निघणे आणि मूळ मूकपट लोकांपुढे येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हिमांशु राय आणि जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांनी राजस्थानात व आग्र्यात काढलेले 'शिराझ' आणि 'अ थ्रो ऑफ डाइस' हे १९२८-२९ चे चित्रपट लंडनच्या संग्रहालयात सुरक्षित राहिले. पुढे त्यांच्या फिती निर्मळ करून, एकाला अनुष्का शंकर यांचे आणि दुसऱ्याला नितीन साहनी यांचे संगीत देऊन, वादकांना प्रत्यक्ष बसवून त्यांचे खेळ करण्यात आले, आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. 'कालिया मर्दन'ला असा मान आपल्या मुलखात अद्याप मिळावयाचा आहे. त्यासाठी लागणारी सामग्री काही अवाढव्य नाही: तासाभराच्या आतबाहेरचे चित्र, पेटी, तबला, आणि पाट्या मोठ्याने वाचणारा एक माणूस. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला, गिरगावात आणि कोल्हापुरात दर वर्षी ३ मे रोजी हा खेळ व्हावा, त्याला शाळेतली मुले बोलवावीत, आणि त्याच्याआधी 'मुरलीवाला'चे जे काही उरले आहे तेही दाखवावे, अशी माझी सूचना या चारही ठिकाणच्या नगरसंस्थांना व पुण्याच्या संग्रहालयाला आहे.